मागून तिसरी खिडकी

मी शहरं चादरींवरून ओळखते.
पासाऊ म्हणजे नवे पाहुणे,
घडी मोडू नये अशा बेताने झोपलेले.
ड्युर्नश्टाइन म्हणजे अभ्र्यावर
जर्दाळूच्या दारूचा चिकट डाग.
व्हिएन्नाला केकचा चुरा,
ब्रातिस्लाव्हाला पाय दुखतात सगळ्यांचे,
मलमाचा वास दोन धुण्यांनीही जात नाही.
किल्ले, कमानी, घंटाघरं – असतील.
माझी खिडकी पाण्याला टेकलेली.
तिच्यातून दिसतं ते शहराचं शेवाळ
आणि धक्क्याच्या दगडात ठोकलेलं एखादं लोखंडी कडं.

बुडापेस्टनंतर जहाज रात्रीचं पळतं,
कारण मध्ये काही नाही.
त्या काही नाहीत माझं गाव आहे.
पंपघर, बिटाची वखार, नावेचा उतार.
पहाटे तीन दहाला ते माझ्या उशीशेजारून जातं.
चार हंगाम झाले,
एकदाही उठून बसले नाही.

यंदा ऑगस्टात डॅन्यूब आटली.
दूध पातेल्याला लागावं तसं
जहाज तळाला लागलं. बरोबर तिथेच.
कप्तान रादिवोयने चार भाषांत
थोडा उशीर होईल म्हणून सांगितलं.
सकाळी एकशे तीस माणसं वरच्या डेकवर
माझ्या गावाकडे बघत उभी.
वाटाड्या सेव्हरिनने माइक तोंडाशी नेला
आणि परत खाली ठेवला.
त्याच्यापाशी इथलं एकही साल नव्हतं.

केबिन दोनशे सोळाच्या ओस्टरहाउसबाईंनी विचारलं,
एटेल्का, इथे पाहण्यासारखं काय आहे गं?
उशी थोपटत मी म्हटलं,
एक कुत्रा आहे, तीन पायांचा.
त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.
मग मला राहवेना.
पंपघराच्या भिंतीवर पुराची रेघ आहे, म्हटलं,
ती मारणारा बुटका होता, शिडीला भ्यायचा,
म्हणून आमच्या गावात पूर
शेजारच्या गावापेक्षा हातभर कमी आला.
नोव्हेंबरात वखारीमागे बिटं कुजतात,
लग्नाच्या कपड्यांनासुद्धा तो गोड वास लागतो.
उतारावरची नाव माझ्या बापाची –
हे सांगितलं नाही.

दुपारी तो आला.
सावकाश वल्हवत जहाजाला एक वळसा घातला,
घोडा विकत घ्यायचा असल्यासारखा.
वरून पाहुण्यांनी फोटो काढले, हात हलवले.
त्याने वर पाहिलंच नाही.
तो खिडक्या मोजत होता.
खालची रांग, मागून तिसरी.
पहिल्या हिवाळ्यात मी पत्रात लिहिलं होतं एकदा.
उत्तर आलं नव्हतं.

आमच्या खिडक्या उघडत नाहीत.
दोन बोटं जाड काच, पलीकडे त्याचं तोंड हललं.
बोलताना त्याचा डावा गाल आधी हलतो,
हे मी विसरले होते.
प्रश्नच होता तो, भुवई वर गेलेली.
मी मान हलवली. हो.
तो थांबला. पाण्याकडे पाहिलं.
पुन्हा तेच विचारलं, यावेळी हळू,
जणू हळू बोललं की काच पातळ होते.
पुन्हा हो.
मग वल्ह्याचं टोक काचेला टेकवून
त्याने नाव लोटली.
तिथे गाळाचा एक ठिपका राहिला.

दुसऱ्या रात्री वर कुठेतरी डोंगरात पाऊस झाला.
गाळाने आम्हाला सोडलं.
पुढे बेलग्रेड, किल्ला, दोन नद्यांचा संगम,
सेव्हरिनच्या तोंडी सालंच सालं.
मी चौसष्ट चादरी बदलल्या.
बाहेरून काचा पुसणारा पोरगा शिडी घेऊन आला,
तेव्हा म्हटलं, मागून तिसरी राहू दे.

मी कशाला हो म्हणून बसलेय, ठाऊक नाही.
ऑक्टोबरात हंगाम संपतो.
बुडापेस्टहून गावाला दिवसातून एक बस,
ती वखारीशी थांबते. वास यायला लागला
की उतरायचं.