आठ किलो आठशे

अनिमेष उके म्हणाला, काका, काचा काढून टाका,
समोरची सोडून सगळ्या.
म्हटलं, फुटल्या काय बे?
नाही न काका. वजन होऊन राहिलं.

वाडी नाक्याच्या पुढे, टायरवाल्याला लागून माझं दुकान.
पाटीवर ‘डहाके ग्लास’, आणि खाली
ऊन खाऊन पिवळा पडलेला सहा आकडी फोन नंबर,
जो आता कुठेच लागत नाही.
एकतीस वर्षं काच लावली गाड्यांना.
काच नको म्हणणारं हे पहिलंच गिऱ्हाईक.

जुनी झेन. आतून सोललेली.
मागची सीट नाही, छताचं कापड नाही, टेपच्या जागी भोक.
बुटीबोरीच्या मागे मुरमाच्या मैदानात
पोरं घड्याळ लावून वळणं मोजतात म्हणे,
तिथे अर्धा सेकंदही उधार मिळत नाही.

शेजारी निजामभाईच्या भंगारकाट्यावर एकेक ठेवली.
पुढच्या दोन, दोन किलो नऊशेच्या.
मागच्या दारांच्या दोन-चारशे.
डिक्कीची चार-सहाशे.
पंधरा किलो दोनशे, निजामभाईनं खडूनं लिहिलं
आणि सवयीनं भाव सांगितला.

मग पोरानं गुंडाळी सोडली.
प्लास्टिकचं शीट, दोन्हीकडून निळी झिल्ली,
एका हातानं उचललं त्यानं, छत्री उचलावी तसं.
बोटातल्या अंगठीनं मी टिचकी मारून पाहिली.
काच उत्तर देते. टिण्.
हे नुसतं ‘हं’ म्हणालं.

पण शिकलो.
मे महिना, पारा शेहेचाळीसवर, दुकानातला कूलर गरम हवा फेकत होता,
आणि शीट दुपारी फुगून बाहेरच्या अंगाला पोट काढायचं.
बोल्टापेक्षा भोक तीन सूत मोठं पाडायचं,
कळलं तिसऱ्या दिवशी, दोन शीटं तडकल्यावर.
त्याला पसरायला जागा लागते.
कोरड्या फडक्यानं पुसायचं नाही,
काचेचा निळा फवारा मारायचा नाही, थिनर तर नाहीच.
कविताच्या माहेरचे लोक आले की ती असंच सांगते मला,
हे बोलू नका, ते बोलू नका.

काच उतरवणारी मशीनही निघाली, हँडलं निघाली.
आता खिडकी उघडत नाही.
हात बाहेर काढायला सरकतं एक ताटलीएवढं झाकण.
नवं वजन सहा-चारशे.
वाचले आठ किलो आठशे.

अनिमेष उड्या मारत होता.
कविता डबा घेऊन आली होती, तिनं त्याच्याकडे वरून खाली पाहिलं,
म्हणाली, चौकातले समोसे सोड महिनाभर,
आठ किलो फुकटात जातात.
तो लाजला. मग दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

माझ्या हातावर अकरा खुणा आहेत.
ही अंगठ्याजवळची जीपची, ही पांढऱ्या फियाटची,
मनगटावरची कोणाची ते विसरलो.
या कामात एक थेंब रक्त सांडलं नाही,
घरी जाऊन हात धुताना उगाच
काही राहिलं राहिलं वाटत होतं.

तिसरा आला तो.
पहिल्यात आणि त्याच्यात चार दशांश.
गाडी परत आणली तेव्हा मुरमानं खिडक्यांना
केसासारख्या रेघा पाडल्या होत्या,
संध्याकाळचं ऊन त्यांच्यातून आत येताना
जाळ्यात सापडल्यासारखं दिसायचं.
म्हणाला, पुढच्या वेळी बदलू.

त्या पाच काचा माझ्याकडेच आहेत,
कूलरच्या मागे, गोणपाटाच्या घड्यांत उभ्या.
निजामभाई दोनदा विचारून गेला.
ही भाजून घट्ट केलेली काच, कापता येत नाही.
हिऱ्याची चाकी लावा, सगळीचे दाणे होतात.
तिला दुसरं माप घेता येत नाही,
त्याच झेनच्या त्याच दारात बसेल, नाहीतर कुठेच नाही.

काल धूळ झटकली.
डाव्या मागच्या काचेवर, आतल्या बाजूनं,
कोण्या लेकरानं चिकटवलेला अर्धा चंद्र.
नखानं निघतो. काढला नाही.
खडूनं लिहिलं: उके, डावं, मागचं.