साडेपाच तास

बटण दाबलं की आधी काळा पडदा,
त्यावर पांढऱ्या अक्षरांत दोन ओळी
आणि खाली आकडे : दहा, नऊ, आठ…
एवढ्यात ठरवायचं, कुणाच्या घरात शिरायचं.
काहीच नाही दाबलं तर लिनक्स.
म्हणजे मी.

उदगीरला डाळ मिलच्या वळणावर
दहा बाय बाराचं माझं डीटीपीचं दुकान.
डबा एकच. दुसरा घ्यायची तेव्हा ऐपत नव्हती,
आता गरज वाटत नाही.
लोक म्हणाले, एका म्यानात दोन तलवारी?
रेवणसिद्ध म्हणाला, म्यान पाचशे जीबीचं आहे मॅडम,
आणि तलवारी कुठल्या, दोन बिऱ्हाडं हायत.
मधी भिंत घालतो, थोडी जागा सामाईक ठेवतो.
पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला होता तो.
दोनशे रुपये घेतले आणि एक प्लेट भजी.
सामाईक जागेला मी नाव दिलं : ओसरी.

तिकडं विंडोज. जुनं, कंपनीनंही सोडून दिलेलं.
त्यात खलीलचाचांचं उर्दूचं सॉफ्टवेअर,
जे दुसरीकडं कुठंच श्वास घेत नाही.
इकडं माझे अर्ज, बायोडाटे, प्रतिज्ञापत्रं.
सकाळपासून माझी पाळी, सहाला त्यांची.
बरोबर सहाला सायकल भिंतीला टेकायची,
मी उठायची,
ते रुमालानं खुर्ची झटकायचे,
आणि मशीन बंद होऊन पुन्हा उघडेस्तोवर
आम्ही चहा घ्यायचो.
त्या चहाला चाचा रीस्टार्ट म्हणायचे.
पाहुणा आला की पोराला हाक : दोन रीस्टार्ट, एक बिनसाखरेचा.

त्यांची ओळ उजवीकडून निघायची, माझी डावीकडून.
उद्घाटनाच्या कार्डावर मधोमध
मालकाचा फोन नंबर,
तो दोघांचाही.

ओसरीवरची जुनी पत्रिका माझ्याकडं उघडली की मुंग्या.
वर कुठला, वधू कुठली, मुहूर्त कुठला, नुसत्या मुंग्या.
तीच तिकडं उघडा,
गपगुमान रांग धरून पुन्हा अक्षरं होतात.

एकदा विंडोज कोसळलं.
कुणाकडून तरी नव्यानं टाकून घेतलं,
तर त्यानं आल्या आल्या माझं दारच लिंपलं.
काळा पडदा नाही, दोन ओळी नाहीत, सरळ तिकडंच.
रेवणसिद्ध तोवर हैदराबादला लागलेला.
रात्री दोन वाजेपर्यंत फोन कानाला,
तो एकेक अक्षर सांगतोय, मी मोजून टाकतेय.
प्रत्येक हुकुमाआधी सुडो.
म्हटलं, सूड कुणाचा घ्यायचाय रे?
तो हसला, म्हणाला, मॅडम, आता स्पेस द्या.

चाचा डोळ्याच्या ऑपरेशननंतर
बीदरला लेकीकडं राहिले ते राहिलेच.
सायकल इथंच आहे. हवा मी भरते.
उर्दूची कामं अजून येतात.
त्यांच्या जुन्या फायली काढते, नावं बदलते,
फोटो पाठवते, त्यांचा आवाज येतो :
बेटा, एक नुक्ता सुटला, दुल्हनच बदलून टाकलीस.

आता घड्याळाचं सांगते.
डब्यातलं घड्याळ एकच, वाचायची रीत दोन.
लिनक्स त्याला लंडनचं समजून साडेपाच तास मिळवतं,
विंडोज दिसतं तेच खरं मानतं.
माझी कामं उरकून रात्री साडेअकराला
मी बाण खाली नेते, तिकडं जाते,
तर कोपऱ्यात सहा वाजलेले असतात.
तिकडं नेट जोडत नाही,
त्यामुळं चूक दाखवायलाही कुणी नाही.
रेवणसिद्ध म्हणतो, एका ओळीचं काम आहे,
पाठवू का?
ती ओळ त्यानं पाठवूनही झालीय.
फोनमध्ये आहे.

शटर अर्धं ओढलेलं.
मी रुमालानं खुर्ची झटकते, बसते,
उजवीकडून सुरुवात करते.
गिऱ्हाइकाचा फोन येतो :
झालं का वो मॅडम? उद्या वाटायच्यात पत्रिका.
होऊलालंय, मी म्हणते,
आत्ता कुठं सहा वाजलेत.