नादकाटा

आधी गेली कुकरची शिट्टी.
मग डासांची भुणभुण. तिचं मला काही वाईट वाटलं नाही.
मग शेजारच्या अफसानाच्या बांगड्या,
मग अफसाना.
आठ महिने रोज एक सुई, डावीकडे, उजवीकडे,
बसायला अंगावर जागा उरली नव्हती.
शिवडीच्या वॉर्डातल्या सिस्टर म्हणायच्या,
सोस पोरी, फुप्फुस वाचेल.
वाचलं.
घरी आले तेव्हा आई दारात उभी राहून तोंड हलवत होती
आणि बैंगनवाडीचा अख्खा रस्ता
हौदात बुडवलेल्या भांड्यासारखा
गप्प.

याला चौदा वर्षं झाली.
आता माझ्या गळ्यात ओळखपत्र आहे: उज्ज्वला खरात, उपचार सोबती.
त्याच आजाराच्या गोळ्या मी पत्र्याच्या जिन्यांवरून वर नेते.
लोक म्हणतात, हिला खोकला ऐकू येत नाही, हिला काय कळणार.
खोकला मला दिसतो.
तो आधी खांद्यात येतो,
मग गळ्याच्या खळीत,
मग माणूस रुमालाची घडी
आतली बाजू लपवून घालतो.

नौशाद एकोणीस वर्षांचा. जरीच्या कारखान्यात,
लाकडी चौकटीवर ताणलेल्या दुसऱ्या कुणाच्या लग्नाच्या कापडावर
वाकून बसलेला.
मी सांगितलं, सव्वीस आठवडे. नुसत्या गोळ्या.
त्याने ओठ मोठे करून विचारलं, सुई?
मी म्हटलं, सुई फक्त तुझ्या हातातली.
तो हसला.
मी पण हसले, आणि जिना उतरताना
तिसऱ्या पायरीवर बसून राहिले.
हेवा म्हणायचा तर तोही नाही.
उशीर म्हणायचा, तर तो कुणी केला?
कुठल्यातरी दवाखान्यात, कुठल्यातरी देशात
कुणीतरी कागदावर अंगठा देऊन
ह्या गोळ्या आधी गिळून पाहिल्या असतील,
काय होईल हे ठाऊक नसताना.
त्यांची नावं पाकिटावर नसतात.
पाकिटावर असतं: जेवणानंतर.

तेराव्या आठवड्यात नौशाद म्हणाला,
अंगठ्यांखाली कापूस ठेवल्यासारखं वाटतं.
पायाचं सांगत होता, बघत होता हाताच्या बोटांकडे.
मी काही बोलले नाही.
औषध कुठूनतरी घेतंच काहीतरी,
मला ठाऊक आहे ते कसं घेतं:
आधी बारीकसारीक.

मेनेझिस डॉक्टरबाईंनी ड्रॉवरमधून लोखंडी दुबेळकं काढलं.
शाळेत त्याला नादकाटा म्हणायचे,
एकच होता, मास्तरांच्या कपाटात.
बाईंनी तो तळव्यावर आपटला,
दांडी नौशादच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवली.
थांबलं की सांग.
तो म्हणाला, थांबलं.
बाईंच्या चिमटीत मात्र काटा अजून थरथरत होता,
मला दिसत होतं.
त्यांनी कागदावर एक आकडा खोडला, निम्मा लिहिला.
म्हणाल्या, वेळेत आलात.

वेळेत.
हा शब्द ओठांवर किती लहान दिसतो.

निघताना मी हात पुढे केला. बाईंना कळलं.
काटा आपटून त्यांनी माझ्या हनुवटीवर ठेवला.
ऐकू आलं नाही, खोटं कशाला सांगू.
पण जबड्यातून वर, दाढांमधून,
बंद कानांच्या मागच्या भिंतीपर्यंत
काहीतरी चालत आलं,
तिथे जरा उभं राहिलं,
आणि परत गेलं.

बाहेर रिक्षाच्या रांगेत मी नौशादला विचारलं,
त्याचा आवाज कसा असतो रे?
त्याने बराच विचार केला.
मग सावकाश, मला वाचता येईल असा, म्हणाला,
मच्छरसारखा.
मोठ्या मच्छरसारखा.
म्हाताऱ्या.