पाठकोरे

प्रिंटर वर, बॉक्सरूममध्ये,
हेरंबच्या जुन्या काँप्युटरला अंगठ्याएवढ्या जाड
करड्या केबलनं बांधलेला.
माझा लॅपटॉप खाली, स्वयंपाकघरातल्या टेबलावर,
ऑफिसनं ऑक्टोबरात दिलेला, ताटलीएवढा पातळ.
मध्ये चौदा पायऱ्या
आणि स्विंडनचा फेब्रुवारी.

वायफाय एक, वीजबिल एक,
तरी एकाला दुसरा दिसत नाही.
माझ्याकडे प्रिंटरचं चित्र आहे, पण फिकट,
खाली लिहिलेलं: ऑफलाइन.
बुधवारपासून मी छापायचं बटण दाबत होते,
बंद पडलेल्या लिफ्टचं दाबावं तसं,
उगाच, येता-जाता.
एकच पान होतं.
कसलं ते त्यानं विचारलं नाही.

शनिवारी केतकी लीड्सहून फोनवर म्हणाली,
"आई, दोन्हीकडे वर्कग्रुपचं नाव एकच आहे का बघ."
नव्हतं.
एका चुलीवर दोन आडनावं.
"तुझं बदल," मी जिन्याखालून ओरडले.
"माझंच का?"
"तुझं जुनं आहे म्हणून."
यावर वरून बराच वेळ काही आलं नाही.
मग एकेका बोटानं दाबलेल्या अक्षरांचे आवाज.

"दिसतंय?"
"नाही."
"आता?"
"नाही."
"बंद करून चालू कर."
"तूच कर."
"माझा चालू व्हायला अकरा मिनिटं घेतो, माहितेय ना!"
माहितेय. तेवढ्यात मी कणीक मळली.

एरवी आम्ही बोलतो ते
आज कुठला डबा बाहेर ठेवायचा, काळा की निळा,
आणि बॉयलरवाला कधी येणार.
त्या दिवशी चार तास बोललो,
भिंतीला, कठड्याला, छताला उद्देशून.
शेजारच्या मिसेस प्रिचर्डनी
दार वाजवून विचारलं, सगळं ठीक आहे ना.

नाव टाकताना आधी दोन उलट्या तिरप्या रेघा,
मग त्याच्या काँप्युटरचं नाव.
"काय ठेवलंयस नाव?"
तो पुटपुटला. "मोठ्यानं!"
"परसबाग."
तेव्हा आमच्याकडे कुंडीसुद्धा नव्हती.

मग पासवर्ड. मग पाहुण्याला परवानगी.
मग केतकी कंटाळून म्हणाली,
"बाबा, तुमच्याकडे तारीख काय आहे?"
"एक जानेवारी."
"साल?"
"दोन हजार दोन."
आतली बटणाएवढी बॅटरी कधीचीच मेली होती.
रोज उठून तो त्याच सकाळी जागा व्हायचा
आणि मी कितीही हाका मारल्या
तरी त्याच्या लेखी मी अजून यायचीच होते.

त्यानं तारीख लावली.
क्षणभर काहीच नाही.
मग वर खरखर, घसा खाकरल्यासारखी,
आणि एक पान.
मी "झालं!" म्हणून टाळी वाजवली.
दुसरं पान.
तिसरं.
तेव्हा लक्षात आलं,
बुधवारपासूनचं प्रत्येक बटण
रांगेत उभं होतं.

हेरंब खाली आला. चष्मा कपाळावर,
हातात नऊ पानं, अजून कोमट.
नऊही पानांवर माझी लवकर निवृत्तीची मागणी.
"एकोणतीस एप्रिल?"
"हो."
"सांगणार होतीस?"
"छापून झालं की."
पोळी करपायला लागली होती. त्यानंच उलटली.
मग म्हणाला, "नऊ प्रती कशाला?"

एकीवर मी सही केली.
बाकीच्या तो वर घेऊन गेला. पाठकोरे कागद
तो टाकू देत नाही.

आज सकाळी फ्रिजवर त्यातला एक.
मागच्या बाजूला अलॉटमेंटचा हिशेब:
लसूण, घेवडा, मेथी (प्रश्नचिन्ह),
खुरपं – १.
एकचा गिरवून दोन केलेला.

मी येईन असं कुठे म्हटलं होतं?
प्रिंटर पुन्हा दिसेनासा झालाय.