पट्टा गळ्यात घालून

आलेशूचा बोटीवरून निरोप :
योकोहामाला लागतोय, काय आणू?
मी लिहिलं, पंच्याऐंशीची लेन्स.
खोकं तिथंच टाक.

तीच लेन्स पणजीत प्रभुगांवकरांच्या काचेच्या कपाटात आहे.
एक लाख बासष्ट हजार.
तिकडे हिशेब केला तर एक लाख सात.
काच तीच. अकरा भिंगं, त्याच क्रमाने
एकामागे एक उभी.
मग मधल्या समुद्रात हिला
पंचावन्न हजारांचं असं काय चिकटतं?

प्रभुगांवकर बोटं मोडत सांगतात :
जकात, जीएसटी, येनचा चढउतार,
मुंबईचा एजंट, त्या एजंटाचं गोदाम,
गोदामातला दमट हवा खेचणारा पंखा,
आणि दुरुस्तीवाला एक माणूस,
ज्याला लेन्स मोडो न मोडो
वर्षभर पोसावं लागतं.
बोटीवरून आलेली बिघडली, की ती कुणाचीच नाही हं,
असंही सांगतात,
आणि चहा मागवतात.

आईचे मामा, पुंडलिक,
त्रेपन्न साली पणजीतून जर्मन कॅमेरा घेऊन
बांद्याला निघाले होते.
तेव्हा उलटं होतं, स्वस्त इकडे, महाग पलीकडे.
पत्रादेवीची एक दोरी ओलांडली
की घड्याळाचीसुद्धा किंमत वाढायची,
वेळ मात्र तीच दाखवायचं.
पट्टा गळ्यात. नाक्यावरच्या शिपायाने विचारलं, नवा आहे?
मामा म्हणाले, छे, रोजचा वापरातला, उभे राहा बघू.
आणि त्याचा फोटो काढला.
रोल नव्हता आत.
पुढे सहा महिने
त्या शिपायाची पत्रं येत राहिली, फोटोसाठी.

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात
केरोबिना इसवण मला सहाशेला देते,
टोपीवाल्या बाईला अकराशे सांगते.
टोपलीत जकात नाही, येन नाही,
गोदाम तर नाहीच.
ती फक्त टोपी बघते, चप्पल बघते,
आणि बाई 'हाऊ मच' म्हणते की 'कितें' म्हणते ते ऐकते.
हे बरोबर नाही, मी म्हटलं एकदा.
ती म्हणाली, तूं कितें करता रे?

मी काय करतो.
मोरजीच्या वाळूत रशियन जोडपं, दोन तास,
नव्वद हजार.
अस्नोड्याला हर्षदाचं लग्न, हळदीपासून वरातीपर्यंत तीन दिवस,
चौदा हजार, जेवण धरून,
त्यातले चार अजून यायचेत.
कॅमेरा तोच. बोट तेच.
रशियन मुलीने विचारलं असतं तर
माझ्याकडेही यादी तयार होती :
बॅटऱ्या, असिस्टंट, खारी हवा, मावळतीचा ताण.
तिने विचारलं नाही.
हर्षदाच्या वडिलांनी मात्र विचारलं, चौदा कशाचे?

आलेशू दाबोळीला उतरला तो घामाने निथळत.
माझी जुनी बॉडी मुद्दाम नेली होती त्याने,
तिलाच नवी लेन्स चढवलेली, पट्टा गळ्यात.
कुणी विचारलंच नाही म्हणे,
मागच्या माणसाची फणसाएवढी बॅग उघडत होते.
किती द्यायचे?
एक अठरा दे, तू म्हणून, तो म्हणाला.
पिशवीत पावती राहिली होती,
जपानी अक्षरं, आकडे मात्र कुठलेही वाचता येतात.
मी एक अठरा मोजले.

वापरातली दिसावी म्हणून
त्याने वाटेत चाळीस फोटो काढलेत.
सगळेच हललेले.
पाणी, पाणी, पाणी,
बाकावर झोपलेला आचारी,
स्वतःचाच अंगठा.
एकच नीट आहे :
गोल खिडकीत पहाट, कडेला अर्धं खाल्लेलं सफरचंद.
तो म्हणतो, हा मोठा करून दे, फ्रेम करून,
आवयला बाणावलीच्या घरात लावायचाय.
कितीक पडेल?

काउंटरखालचं दरपत्रक
मी काढलं,
परत ठेवलं.
सांगतो, म्हटलं, उद्या.