पाचवा काप

उभादांड्याच्या शेडमध्ये सकाळपासून टेबल लावतोय.
यंत्र जुनं, कुडाळच्या भंगारातून आणलेलं,
पातं नवं, आडवी पट्टी माझी, फणसाची,
खाऱ्या हवेत रातोरात फुगलेली.

गुण्या लावला. फटीतून उजेड आला नाही.
जमलं, म्हटलं.
सगुण मेस्त्रींनी विडी विझवली,
"गुण्यो ल्हान आसा. चूक लांब गेल्यार गावता.
पाच काप घे."

एक बाजू कापायची,
कापलेली कड पट्टीला टेकवून पुढची,
अशी फळी फिरवत न्यायची.
चार झाल्या की पहिलीच पुन्हा,
आणि निघालेलं अरुंद कातरण जपायचं,
त्याची दोन्ही टोकं मापायला.

एव्हाना चुकीने फळीभोवती
चार फेऱ्या मारलेल्या असतात.
लपायला तिला जागा उरत नाही.

एक टोक केसभर जाड.
स्क्रू ढिला केला, पट्टीमागे
लाइटच्या बिलाची घडी सारली,
पुन्हा पाच काप.
मग घडी उलगडून अर्धी फाडली,
पुन्हा पाच.
खाली रापण ओढून झाली,
बांगड्याची बोली लागली, मोडली.

दुपारी चौकट घेऊन मर्सियाना फर्नांडिसांकडे.
चिऱ्याची भिंत, सासऱ्यांनी एकट्याने रचलेली,
वर बोटभर उजवीकडे कललेली.
माझी चौकट तिच्यात उभी राहिली ताठ,
नव्या जावयासारखी,
एका बाजूला फट ठेवून.

मी मेस्त्रींकडे पाहिलं. ते हसले नाहीत.
खिशातली पाचर काढून फटीत ठोकली.
"भिंत आपली न्हय," म्हणाले.
"चौकट आपली."