जीचं बटण

नेहरूनगरच्या क्वार्टरात, टीव्हीला जोडलेला तो स्पेक्ट्रम,
मस्कतच्या मामाने आणलेला.
बटणं रबराची; दाबली की खोडरबर चावल्यासारखी.

ओळीचं पहिलं अक्षर त्याला अक्षर वाटायचंच नाही.
पी दाबलं की अख्खं प्रिंट.
दिवसभर नोटा छापून आलेले अण्णा हसले,
"हाही आपल्याच प्रेसमधला!"

मग मी माझं नाव लिहायला बसले. गौतमी.
जी दाबलं, तर तो म्हणाला, गो टू.
उरलेली अक्षरं हट्टाने बडवून एंटर मारलं.
उत्तर आलं: असं काही सापडत नाही.

अजूनही घाट उतरताना
पाण्याला कोणी माझ्या नावाने हाक मारली
की बोट आपोआप जी शोधतं.
जा, म्हणतो तो.
कुठे, ते नाही.